किल्ली कुणाकडे?

द्वारका, नवी दिल्ली

चि. मुक्ता हिस,


चौदा इंची दुर्बिणीचा प्रस्ताव कसा लिहू, असं विचारलंस. त्याआधी सांग, तुमच्या आठ इंचीची किल्ली कुणाकडे असते?

माझ्या कॉलेजात ती माझ्याच खिशात असायची. एका पावसाळ्यात मी लांब रजेवर गेलो. परतलो तेव्हा आरशावर बुरशीची जाळी धरली होती. सिलिका जेलच्या पुड्या बदलायला मी कुणाला शिकवलंच नव्हतं.

हे दुखणं जुनं आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नेगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. १८८८ मध्ये तिथे वीस इंची दुर्बीण बसली. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांनी जेऊरला तळ ठोकला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळाही बंद पडली आणि सामान कोडाईकनालला गेलं.

उलट तुझ्या चाळीसगावजवळचं पाटण बघ. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. तिथला १२०७ चा शिलालेख ते सांगतो. इथे सेक्टर दोनमध्ये भास्कराचार्यांच्या नावाचं कॉलेज आहे; फिरायला जाताना पाटी दिसली की मला आजोबांआधी नातू आठवतो.

आकाशाची तक्रार तर करूच नकोस. आमच्या शेजारी विमानतळ, दिवाळीनंतर धुरकं. तरी चंद्र, गुरूचे उपग्रह, शनीची कडी दिसतात. आणि काठीची सावली मोजायला तर दुर्बीणही लागत नाही. २१ जूनला गच्चीवर मीटरभर काठी उभी करायची. घड्याळात बारा वाजून चोवीस मिनिटांच्या सुमारास सावली सर्वांत आखूड होते, नऊ सेंटिमीटर. "पुण्यात सावली नाहीशी होते, इथे का नाही?" असं एकीने विचारलं, आणि कर्कवृत्त फळ्यावर न काढताच शिकवून झालं. तुमच्याकडे शून्य सावली मेच्या उत्तरार्धात, म्हणजे नेमकी सुट्टीत. तेव्हा गावातल्याच पोरांना बोलाव.

प्रस्ताव जरूर लिही, पण वर्षभराने. तोवर दुसऱ्या वर्षाच्या दोघांकडे किल्ली दे. पुढच्या दोघांना त्यांनीच शिकवायचं. आरसे जुळवणं प्रयोगशाळेतल्या शिपाईदादांनाही दाखव. विद्यार्थी जातात, ते राहतात. वेधांची नोंदवही ठेव. ढग असले तर 'ढग' एवढंच लिहा, पण लिहा.

त्या वहीचं पहिलं पान मला पाठव. अक्षर मात्र तुझं नको.

तुझा,
नानाकाका