आधी वजन, मग औषध

अगं छोटे, बाळाला ताप आला की घरातले सगळेच डॉक्टर होतात. कोणी म्हणेल अर्धा चमचा दे, कोणी म्हणेल झाकणभर. ऐकून घे, पण औषध द्यायचं ते वजन बघूनच. सहा महिन्यांचं एक बाळ साडेपाच किलोचं असतं, दुसरं साडेआठचं. दोघांना एकच माप कसं चालेल?

पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम लागतं. तुझी परी ८ किलोची, तिला १०० मिलिग्रॅम पुरे. खरा घोळ बाटलीत आहे. ड्रॉप्सच्या १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि कडक सिरपच्या ५ मिलीत २५०. म्हणजे परीला ड्रॉप्स १ मिली, साधं सिरप ४ मिली, कडक २ मिली. सिरपचे ४ मिली चुकून ड्रॉप्सचे दिलेस तर चौपट औषध जाईल. ते लिव्हरला बाधतं, आणि पहिल्या दिवशी लेकरू खेळतंही, काही कळत नाही. तसं झालंच तर बाटली घेऊन लगेच दवाखाना गाठ.

लसीच्या दिवशी वजन होतंच. तेव्हाच डॉक्टरांकडून बाटलीचं नाव आणि डोस मिलीत लिहून घे. घरचा चमचा नको, खोक्यातलं मापच वापर. दोन डोसांत सहा तास ठेव, चारच्या आत तर कधीच नको, आणि चोवीस तासांत चार डोसांच्या वर जाऊ नको. रात्री तू देशील, पहाटे जावईबापू देतील; म्हणून कालनिर्णयवर वेळ लिहीत जा.

सर्दी-तापाचं एकत्र औषध मात्र घरात आणू नको. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं किडनी निकामी होऊन आपल्या नागपुरात आणली होती, आठवतं ना? त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ नावाच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. विषाला कसला आलाय सुरक्षित डोस! पण विष नसलं, तरी अशा मिश्रणांत पॅरासिटामॉलही असतं, वरून ड्रॉप्स दिले की दुप्पट होतं.

पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही तापाची दुसरी औषधं देऊ नको. नाइमसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून बंदच आहे.

आणि हो, शंभर ताप असूनही परी हसत-खेळत, दूध पीत असेल तर औषधाची घाई नको. पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ झाला, तर घरी उपाय करत बसायचं नाही. कुठलंही बाळ दूध सोडतंय, सुस्त पडलंय, लघवी कमी झालीये, धाप लागलीये किंवा झटका आला, तरी तेच. मला फोन नंतर कर, आधी दवाखान्यात निघ.