गच्चीवरचा ॲक्सल

माझी मुलगी चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग करते, पण तिचं सगळं चित्त बर्फावर. करजणहून बडोद्याचं रिंक गाठता येतं. बर्फासाठी मात्र पार डेहराडून. तिथलं हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं, मग कित्येक वर्षं बंद पडून राहिलं आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे उड्यांचा रोजचा सराव घरीच. आमच्याकडे तो अगाशीवर, गच्चीवरच्या चायना मोझॅकवर, साधे बूट घालून चालायचा. परदेशी खेळाडू हॉटेलच्या बोळकंडीतसुद्धा डबल उड्या मारताना व्हिडिओत दिसतात, मग हिने का मारू नये?

नडगी दुखायला लागली. आधी उड्या मारल्यावर, मग जिना उतरताना, मग रात्री अंथरुणातही. एक्स-रे स्वच्छ आला आणि आम्ही निर्धास्त झालो. हाडावरचा असा ताण सुरुवातीला एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही, तो एमआरआयमध्ये दिसतो, हे नंतर कळलं. सक्तीची विश्रांती, रडारड, एक स्पर्धा हुकली. असे फोन आता आणखी दोघा-तिघा पालकांचे मला येऊन गेलेत, म्हणून हे लिहिते आहे.

दुखणं कुठून आलं ते गच्ची झाडताना दिसलं. पांढऱ्या मोझॅकवर बुटाच्या रबराचे काळे डाग होते. टिंबासारखे नव्हेत, स्वल्पविरामासारखे: चवड्याचा ठिपका आणि त्याला वळलेली शेपटी. ती शेपटी म्हणजे हवेत अपुरी राहिलेली गिरकी. बर्फावर उतरताना पातं मागे घसरत जातं, उरलेला जोर त्या वळणात खर्ची पडतो. चाकंही थोडीफार तशीच वाचवतात. फरशीवर बूट जागच्या जागी पकड घेतो आणि अंग मात्र फिरतच राहतं. तो पीळ मग जातो गुडघ्यात आणि नडगीत, आणि वर उतरण्याचा दणका आहेच. एका पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो.

म्हणून पहिली गोष्ट: जमिनीवर गिरकी हवेतच संपली पाहिजे. न संपली तर ती उडी त्या दिवसापुरती बंद, खालची करायची. डबल अपुरी राहते तर सिंगल, सिंगल अपुरी तर अर्ध्या वेढ्याची वॉल्ट्झ जंप. तपासायला बुटाच्या चवड्याला खडू लावा आणि खूण बघा. बर्फावर परीक्षकही हेच बघतात. पाव वेढ्याहून जास्त कमी पडलं तर उडीचे गुण कापले जातात.

मुलांना हिशेब करून दाखवला की पटतं. एक फूट उंच उडालं तर हवेत राहायला मिळतो जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात दोन वेढे घ्यायचे, तर पाय आणखी जोरात आपटून भागत नाही. हात छातीशी चटकन यावे लागतात आणि पाय घोट्याशी जुळावे लागतात. गच्चीवर घोटायची ती हीच गोष्ट. निम्मा वेळ तर उडी न मारताच जातो आमचा: एका पायावर उभं राहायचं, हात-पाय मिटायचे, तोल उतरणाऱ्या बाजूवर आणायचा, मोकळं व्हायचं. कंटाळवाणं आहे खरं.

सगळ्याच उड्या जमिनीवर सारख्या उपयोगी नाहीत. लूप आणि ॲक्सल चालतात. ॲक्सल तोंड पुढे करून उडायचा, त्यात अर्धा वेढा जास्तीचा. 1882 मध्ये व्हिएन्नात नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सेनने तो पहिल्यांदा केला. फ्लिप आणि लुट्झ पात्याच्या दातेरी टोकाने बर्फ टोचून उडायचे. बुटाला ना टोक ना धार, मग मुलं उडायच्या आधीच पाय जमिनीवर फिरवून घेतात आणि ती खोड बर्फावर सोबत जाते. या दोन आम्ही घरी बंदच केल्या.

आता जागा. सिमेंट, कोटा, मोझॅक नकोच. लाकडी तक्त्यांचा बॅडमिंटन हॉल मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड रबरी मॅट, पण पाय रुतेल अशी गादी नको, घोटा मुरगळतो. बडोद्याच्या मराठी माणसाला हे बाहेरून शिकायची गरज नव्हती. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव ऐकत आपण वाढलो, आणि आखाड्याची माती खणून, चाळून, तेल-ताक-हळद घालून मऊ केल्याशिवाय कुणी अंग टाकत नाही हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक. आधी तळ तयार, मग त्यावर भार, याचा दाखला आमच्या करजणातही आहेच: 1862 साली डभोई-मियागाम नॅरोगेज टाकली तेव्हा रूळ इतके हलके होते की गाड्या बैलांनी ओढल्या. रूळ भक्कम झाल्यावरच इंजिनं नियमित धावू लागली.

बुटाचा तळ सपाट असावा, खोल खाचांचा नको. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर उडी नाही. उडीआधी दोरीवरच्या उड्या आणि एका पायावरच्या अर्ध्या बैठका. बैठकीत गुडघा आत झुकत असेल तर त्या पायावर उतरायची घाई नको. फोन गुडघ्याच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. आणि कान द्या! चवडा, मग टाच, गुडघा वाकलेला, असं उतरलं की आवाज जवळजवळ येत नाही. धप्प आवाज यायला लागला की पाय दमलेत, सराव तिथेच थांबवायचा. "आई, शेवटची एक" ही विनंती मी मान्य करत नाही. अपघात बहुतेक त्याच उडीत होतात, असं माझं मत झालंय.

उंची झपाट्याने वाढत असलेल्या मुलांना विशेष जपा, उड्यांच्या दोन दिवसांमध्ये एक सुटीचा ठेवा. नडगीभर पसरलेली ठणक विश्रांतीने बहुतेकदा जाते. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ आली, किंवा रात्री दुखलं, तर खेळाडूंचे डॉक्टर गाठा आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून परतू नका.

गिरकीच्या प्लॅस्टिक तबकड्या ऑनलाइन मिळतात. उभं राहून तोल शिकायला ठीक. त्यावर उडी मारून उतरायचं नाही, जवळ टेबलाचा कोपरा नको. आणि बर्फावर गेलात तर पहिल्या दिवशी घरच्या उड्या विसरा. भाड्याच्या बुटांची पाती बहुधा बोथट असतात, धार लावून मागा. आधी दोन्ही धारांवर वळणं, मग वॉल्ट्झ जंप. चाकांवर डबल मारणारी माझी लेकही तिथे अर्ध्या वेढ्यापासूनच सुरुवात करणार आहे, तसं आमचं ठरलंय, तिची कुरकुर चालूच आहे.