भंगारातील शिसे वितळवताना

फलटणसारख्या बाजारगावात भंगारातून शिसे येतच असते. बंद पडलेल्या छापखान्यांचे खिळे, जुन्या केबलचे आवरण, मोटारीच्या चाकाला लावायची वजने. त्याच्या लगडी केल्या की जागा कमी लागते, माल विकायलाही सोपा जातो. म्हणून काही कारागीर बांधव घरच्या चुलीवरच कढई चढवतात. आमचा धंदा कापडाचा. तरीही या कामातील धोके सांगणे आम्हाला जरूर वाटते.

ट्रॅक्टर-ट्रकची बॅटरी फोडून तिचे शिसे घरी कधीही वितळवू नये. त्यात तेजाब मुरलेले असते आणि विषारी वायू निघू शकतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी ती गोळा करणाऱ्याकडे किंवा नोंदणीकृत कारखान्याकडेच द्यावी लागते. सेनेगल देशात डाकारजवळच्या एका वस्तीत लोक बॅटऱ्यांची माती घरी आणून चाळून शिसे काढत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ मुले दगावली.

इतर स्वच्छ, थोडा माल असेल तर काम घरात नव्हे, उघड्या माळावर, वारा पाठीशी घेऊन करावे. पेठेतल्या सामाईक चौकात तर नकोच. मुले तिथेच खेळतात. लोखंडी कढई घ्यावी, ॲल्युमिनियमची नको, आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

शिसे ३२७ अंशांना वितळते. पाण्याचा एक थेंब रसाखाली गेला तर क्षणात वाफ होऊन सोळाशे-सतराशे पट फुगतो आणि रस अंगावर उडतो. म्हणून सगळा माल थंड कढईतच भरावा, रसात नवा तुकडा टाकू नये. पळी व साचेही कोरडे, तापवलेले हवेत. आच ४०० अंशांच्या आत ठेवावी. वर पिवळे-जांभळे रंग चढले तर फार तापले समजावे. चाकाच्या वजनांच्या लोखंडी कड्या शिशावर तरंगतात, त्या पळीने काढाव्यात. काही वजने जस्ताची असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, तेव्हा मंद आचेवर तीही वर राहतात.

कपड्यांविषयी मात्र आम्ही अधिकाराने सांगतो. टेरिलीन किंवा टेरिकॉट घालून हे काम करू नये. पॉलिस्टर २६० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे शिशाच्याही आधी, आणि कातडीला चिकटून बसते. जाड सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, चामडी हातमोजे व बूट, डोळ्यांवर चष्मा. तोंडाला बांधलेला रुमाल शिशाचा धूर अडवत नाही. कितीही घट्ट विणीचे कापड असो, धुराचे कण त्याहून बारीक.

खरा शत्रू धुरापेक्षा भुकटी. वर येणारी राखाडी मळी झाकणाच्या डब्यात ठेवावी, गटारात किंवा अंगणात टाकू नये. जागा ओल्या फडक्याने पुसावी, झाडू मारू नये. मात्र कढई पूर्ण थंड झाल्यावरच. काम करताना चहा, विडी, तंबाखू बंद. अंघोळ करून, कपडे वेगळे धुऊनच मुलांना जवळ घ्यावे. लहान मुलांच्या मेंदूला शिसे अगदी थोडेही अपायच करते.

छापखान्याच्या खिळ्यांत अँटिमनी व कथील मिसळलेले असते. त्यांच्या लगडी वेगळ्या ठेवून छिन्नीने खूण करावी, गिऱ्हाइकाला मऊ शिसे म्हणून देऊ नये. आणि कोणतीही लगड कलईवाल्याच्या हाती जाऊ देऊ नये. अरबीत कलई म्हणजे कथीलच; भांड्याला शिसे लावले तर ते अन्नात उतरते.