सौरघट स्वस्त कसे झाले?

विहिरीवर सूर्यशक्तीचा पंप बसविण्याच्या विचारांत असलेले आमचे कित्येक सभासद विचारतात कीं, जी वस्तु एकेकाळीं केवळ कृत्रिम उपग्रहांस परवडे, ती आज शेतकऱ्याच्या बांधावर आली. तेव्हां ह्या स्वस्ताईंत मालाचा कस तर गेला नाहीं ना? स्वस्त बियाण्यानें व स्वस्त खतानें ज्याचे हात पोळले आहेत, त्यास ही शंका यावी ह्यांत नवल नाहीं. यास्तव सौरघट कसा तयार होतो व त्यांत काटकसर कोठें झाली, हें पायरीपायरीनें पाहूं.

पहिला उपयुक्त सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं दाखविला. पडलेल्या उन्हापैकीं सुमारें सहा टक्क्यांचीच वीज तो करी. १९७५ सालीं अमेरिकन सरकारनें स्वस्त सौरघटांचें कार्य हातीं घेतलें आणि दहा वर्षांत एका वॅटास अर्धा डॉलर हें ध्येय ठरविलें. त्या मुदतींत तें साधलें नाहीं. परंतु सांप्रत जगाच्या बाजारांतील पॅनेलांचा घाऊक भाव त्याहूनहि पुष्कळ खालीं आहे.

पहिली पायरी शुद्धीकरणाची. गारगोटी व कोळसा विजेच्या भट्टींत तापविले म्हणजे ९८–९९ टक्के शुद्ध सिलिकॉन निघतें. हें काम स्वस्त आहे. पण सौरघटास एवढी शुद्धता मुळींच पुरत नाहीं. म्हणून त्या सिलिकॉनचें आम्लवायूच्या योगें एक पातळ द्रव्य करितात, अर्क काढावा तसें तें ऊर्ध्वपातनानें निवळतात, आणि सुमारें ११०० अंश उष्ण अशा कांबीवर त्यांतील सिलिकॉन पुनः बसवितात. येथें वीज फार खर्चते. मोठीं पात्रें, वायां जाणाऱ्या उष्णतेचा पुनः उपयोग, आणि पूर्वीं फेंकून दिलें जाणारें उपद्रव्य परत कामांत घेणें, ह्या तीन उपायांनीं येथील खर्च उतरला. शुद्धता मात्र कमी केली नाहीं.

दुसरी पायरी स्फटिकाची. सुतावर खडीसाखरेचा खडा वाढवितात, तद्वत् १४१४ अंशांवर वितळलेल्या सिलिकॉनमध्यें स्फटिकाचें बीज बुडवून तें फिरवीत हळूहळू वर ओढतात. ही युक्ति पोलिश शास्त्रज्ञ चोख्राल्स्की ह्यांस १९१६ सालीं सुचली. पूर्वीं एका मुशींतून एकच दंड काढीत. आतां मूस उष्ण असतांनाच पुनः भरून एकामागून एक अनेक दंड ओढतात.

तिसरी पायरी चिरण्याची. आणि खरी नासाडी येथेंच होती. वखारींत लांकूड चिरतांना करवतीच्या फटीइतका भुसा होतो, तसेंच येथेंहि होई. चकती पातळ आणि तार जाड, त्यामुळें इतक्या कष्टानें शुद्ध केलेल्या सिलिकॉनपैकीं निम्म्याच्या आसपास भुशांत जाई. आतां हिऱ्याचे कण जडविलेल्या केसाहून बारीक तारेनें चिरतात. सन २००० च्या सुमारास चकती सुमारें तीन दशांश मिलिमीटर जाड असे. आज ती त्याच्या निम्मी किंवा त्याहूनहि पातळ असते. पूर्वीं एका वॅटास सुमारें १६ ग्रॅम सिलिकॉन लागे, तेथें आतां सुमारें २ ग्रॅम पुरतें. पांच अश्वशक्तीच्या पंपास सुमारें पांच हजार वॅटचीं पॅनेलें लागतात. अर्थात् जेथें ऐंशी किलो सिलिकॉन लागलें असतें, तेथें आज दहा किलोंत काम भागतें.

चौथी पायरी घट घडविण्याची. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं १९८९ सालीं घटाच्या पाठीवर असा थर दिला कीं, निसटणारा प्रकाश आंत परतावा व तेथें होणारी विजेची गळती थांबावी. अशा सुधारणांमुळें आजचीं चांगलीं पॅनेलें वीस टक्क्यांहून अधिक वीज देतात. कांच, चौकट व सांगाडा तेवढाच लागून वीज अधिक निघाली, म्हणजे दर वॅटाचा खर्च आपोआप उतरतो.

आतां फसलेल्या काटकसरीहि पाहाव्या. कांहींनीं शुद्धीकरणाची महाग पायरी टाळून भट्टींतील सिलिकॉनच थोडेंसें निवळून वापरण्याचा यत्न केला. पण त्यांतील बोरॉन सहजीं निघेना. कांहींनीं चिरणेंच टाळण्यासाठीं वितळलेल्या सिलिकॉनची पट्टी ओढली. तिच्यांत दोष अधिक राहिले. ह्या दोन्ही वाटा बाजारांत मागें पडल्या. तात्पर्य, जी काटकसर नासाडींत झाली ती टिकली. जी कसांत करूं पाहिली ती टिकली नाहीं.

हें तत्त्व घेणाऱ्यानेंहि ध्यानांत ठेवावें. महाराष्ट्रांत २०२४ सालीं सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ह्या योजनेंत पुरवठादार निवडण्याचें काम शेतकऱ्याचेंच आहे. त्या वेळीं पॅनेलांच्या संख्येवर न जातां एकूण वॅट पाहावे, भारतीय मानक १४२८६ ची नोंद आहे कीं नाहीं हें तपासावें, आणि हमीचा कागद जपून ठेवावा.

चकती पातळ झाल्यानें आपल्यावर एक जबाबदारी मात्र आली आहे. पॅनेलावर गड्यास उभें राहूं देऊं नये व बसवितांना तें आपटूं नये. कांच शाबूत दिसली तरी आंतील चकतीस तडा जातो, आणि ती तूट पाण्याच्या धारेंत हळूहळू दिसूं लागते. धूळ सकाळीं, पॅनेल थंड असतांना, साध्या पाण्यानें व मऊ फडक्यानें काढावी. कारखान्यानें नासाडी वांचवून जें स्वस्त केलें, तें आपल्या हयगयीनें महाग होऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.