टेप ड्राइव्हची फाइल गायब? आधी पहिलं अक्षर बघा (माझ्या ५०० रुपयांची गोष्ट)

कमांड कशा टाइप करायच्या ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. इथे त्यामागचा क्रम लिहून ठेवतोय, म्हणजे कामावर असताना मोबाईलवर पटकन बघता येईल.

तुमच्यातले बरेच जण विचारतात, "सर, आजकाल टेप कोण वापरतं? आपण तर प्रिंटर आणि सीसीटीव्हीवाले." खरंय. पण १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांमध्ये संगणक शिरले, आणि त्यातले बरेच युनिक्सवर चालायचे. जुनी खाती बघायला असा एखादा सर्व्हर कोपऱ्यात अजून चालू असतो. मोठ्या शहरातला इंजिनिअर तेवढ्यासाठी यायला मागत नाही. मग फोन तुम्हाला येतो. मला पिंगळीत दुकानात बसल्या बसल्या आला.

एक सहकारी संस्था, नाव सांगत नाही. सर्व्हर एचपी-यूएक्सचा. क्लार्क म्हणाले, "भाऊ, बॅकअप होतोय, पण टेप पहिल्यासारखी आपोआप बाहेर येत नाही." मी गेलो. डेव्ह डिरेक्टरीतल्या आरएमटी फोल्डरमध्ये '०एम' नावाची फाइल दिसली. स्क्रिप्ट चालवली, बॅकअपच्या पायरीला एरर नाही. शेवटी टेप बाहेर काढायची कमांड तेवढी कुरकुरली, मी लक्ष दिलं नाही. शिपाईमामांना टेप काढायचं बटण दाखवलं, ५०० रुपये घेतले आणि गाडीला किक मारली. वर चहाही पिऊन आलो!

तीन आठवड्यांनी एकाच्या हातून कर्जखात्यांच्या नोंदी उडाल्या, आणि ते लक्षात यायला दोन दिवस गेले. टेप लावली तर तिच्यावर सगळं ड्राइव्ह बदलायच्या आधीचं. सोमवारची, मंगळवारची, सगळ्या टेपची तीच गत.

झालं काय होतं? ड्राइव्ह बदलताना कोणीतरी त्याचा स्कझी आयडी बदलला. सिस्टिमने त्याला नवीन ड्राइव्ह समजून १ नंबर दिला, म्हणजे फाइल झाली '१एम'. जुनी '०एम' कोणीतरी फालतू समजून उडवली. स्क्रिप्टमध्ये मात्र '०एम'च लिहिलेलं. युनिक्समध्ये ड्राइव्हसुद्धा फाइलच्या नावानेच वापरतात. त्या नावाची डिव्हाइस फाइल नसेल आणि रूट यूजरने तिथे टार चालवला, तर युनिक्स तक्रार करत नाही. त्याच नावाची साधी फाइल हार्ड डिस्कवर बनवतो आणि बॅकअप तिच्यात भरतो! रोज रात्री तीच फाइल पुसून पुन्हा लिहिली जायची. पहिले ४० मिनिटं लागायची, आता ४ मिनिटांत व्हायचं, म्हणून सगळे खूश. डेटा लहान होता म्हणून डिस्कही भरली नाही. भरली असती तर बरं झालं असतं, निदान बोंब तरी झाली असती.

आता क्रम बघा. सगळ्यात आधी 'एलएस -एल' देऊन ओळीचं पहिलं अक्षर बघायचं. 'सी' असेल तर ती खरी डिव्हाइस फाइल. आडवी रेघ असेल तर साधी फाइल, म्हणजे बॅकअप टेपवर जातच नाहीये. मी नाव बघितलं, अक्षर बघितलं नाही. ही फाइल लगेच डिलीट करू नका, दुसरीकडे हलवून ठेवा. कालचा बॅकअप कदाचित तेवढाच असेल.

मग 'आयओस्कॅन' टेपच्या क्लाससाठी चालवा. 'नो एचडब्ल्यू' आलं तर सिस्टिमला ड्राइव्हच दिसत नाही. पॉवर, केबल, टर्मिनेटर, आणि एकच आयडी दोघांना दिलाय का ते बघा. जुनी स्कझी केबल चालू मशीनवर काढू-घालू नका, बंद करूनच. 'अनक्लेम्ड' आलं तर ड्राइव्ह दिसतोय पण ड्रायव्हर नाही. 'एसटेप' ड्रायव्हर कर्नलमध्ये घालून रीस्टार्ट करावं लागतं, त्यामुळे संस्थेची परवानगी घेऊन सुट्टीच्या दिवशी. 'क्लेम्ड' आहे पण खाली फाइलींची नावं नाहीत, तर काम सोपं. 'इन्सफ -ई' टेप क्लाससाठी चालवा, फाइली परत बनतात. नावं आहेत पण नंबर वेगळा, तर आमच्यासारखी केस. स्क्रिप्टमधलं नाव बदला, हाताने फाइल बनवत बसू नका.

सोलॅरिसवर हे काम 'डेव्हएफएसएडीएम' करतं, एआयएक्सवर 'सीएफजीएमजीआर'. लिनक्सवर 'एसटी' मॉड्यूल लोड नसेल तर 'एसटी०' फाइल बनतच नाही.

फाइल आली म्हणून निघू नका. 'एमटी स्टेटस' बघा. मग कोऱ्या टेपवर (जुन्या टेपचं राइट-प्रोटेक्ट लावून ठेवा) एक छोटा फोल्डर लिहा आणि दुसऱ्या डिरेक्टरीत परत उतरवून ग्राहकासमोर उघडून दाखवा. अर्धा तास जास्त जातो.

त्या संस्थेत गेलेल्या नोंदी व्हाउचरवरून परत भराव्या लागल्या. मी नऊ संध्याकाळी क्लार्कसोबत बसून आकडे वाचून दाखवले, एक रुपया न घेता. मॅनेजर साहेब ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "तुम्ही 'झालं' म्हणाला होता ना?" ते जास्त लागलं.

आता रेटचं बोलू. भेटीचे वेगळे आणि रिस्टोर करून दाखवायचे वेगळे, अशा दोन ओळी बिलात टाका. ग्राहक दुसरी ओळ नको म्हणाला तर बिलावर 'रिस्टोर तपासणी केलेली नाही' असं लिहून त्याची सही घ्या. एएमसी असेल तर महिन्यातून एकदा रिस्टोर करारातच लिहा. आणि एचपी-यूएक्सच्या शेवटच्या आवृत्तीचा नियमित सपोर्टसुद्धा ३१ डिसेंबर २०२५ ला संपलाय, हे ग्राहकाला लेखी कळवा. डेटा नवीन मशीनवर न्यायचं कोटेशन त्याच पत्रासोबत द्या. त्या संस्थेने माझं कोटेशन चार महिन्यांनी मंजूर केलं, घासाघीस करून.