राखीव प्रत घेताना संगणक का थिजतो?

यंत्र केव्हाही बिघडत असेल तर कारण शोधणे अवघड. परंतु ते ठराविक वेळीच बिघडत असेल तर निम्मे कारण त्या वेळेतच दडलेले असते. आमच्या शाळेच्या कार्यालयातील संगणक गेल्या सत्रात दर शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास थिजू लागला. बोलीत ह्यालाच आपण ‘हँग होणे’ म्हणतो. एरवी तो हजेरीपट, गुणपत्रके, दाखले सारे निमूटपणे करी. शुक्रवारी एक ही आपोआप राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेण्याची वेळ. तेव्हा शोध तेथूनच सुरू करणे प्राप्त होते.

राखीव प्रत म्हणजे काय, हे उज्जैनकरांना फार सांगावे लागू नये. येथील सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठानात हजारो हस्तलिखिते आहेत. जुने ग्रंथ आपल्यापर्यंत आले ते बहुधा मूळ पानांच्या रूपाने नव्हे, तर लेखकूंनी पिढ्यान्‌पिढ्या उतरविलेल्या प्रतींच्या रूपाने. उलट, पुण्याच्या १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला होऊन ग्रंथांची नासधूस झाली, तेव्हा एकाच ठिकाणी असलेल्या ठेव्याचे भय साऱ्यांना कळले. म्हणून त्याच चकतीवर दुसऱ्या नावाने ठेवलेल्या नकलेस आम्ही राखीव प्रत म्हणणार नाही.

आता थिजण्याकडे वळू. रोजच्या कामात संगणक हार्ड डिस्कवरील मोजक्याच फाइली उघडतो. राखीव प्रत घेताना मात्र वर्षानुवर्षे कोणी न उघडलेली फाइलदेखील त्यास वाचावी लागते. दिवाळीपूर्वी घरातील सारे डबे उपसले म्हणजे तळाच्या डब्यातील धान्याला लागलेली कीड दिसते, तसेच हे. डिस्कवर माहिती लहान लहान खणांत साठविलेली असते; एकेका खणात ५१२ किंवा ४०९६ बाइट मावतात. ह्या खणांस सेक्टर म्हणतात. एखादा खण खराब झाला की डिस्क तो वाचण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करते, आणि तोपर्यंत इतर कामे खोळंबतात. पाहणाऱ्यास वाटते, यंत्र मेले. वस्तुतः ते वाट पाहत असते.

हा भेद ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा जिवंत आहे. डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. पुष्कळ लोक तात्काळ वीज तोडतात. चालू लेखनाच्या मध्येच वीज गेली तर नवी हानी होण्याचा संभव असतो.

परंतु कोणतीही परीक्षा करण्यापूर्वी मोलाच्या फाइली हाताने निवडून दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. डिस्क दुरुस्त करणारी ‘चेकडिस्क’ची सखोल तपासणी साऱ्या चकतीस राबविते, आजारी डिस्क त्या श्रमाने कायमची बसू शकते.

त्यानंतर विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही नोंदवही उघडावी आणि थिजण्याच्या वेळेच्या नोंदी पाहाव्यात. ७ क्रमांकाची ‘डिस्क’ नोंद म्हणजे खराब खण. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले. १२९ म्हणजे उत्तर न आल्यामुळे उपकरणास पुन्हा जागे करण्यात आले. ४१ क्रमांकाची नोंद पाहून घाबरू नये. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते. का, ते सांगत नाही.

दोष नेहमी आतील डिस्कचाच असतो असे नाही. बाहेरच्या डिस्कची सैल तार, तिला न पुरणारी वीज, भरत आलेली जागा, किंवा त्याच वेळी विषाणुरोधक प्रणालीने आरंभिलेली झडती, ह्यांपैकी काहीही असू शकते. उष्णताही विसरू नये. आम्ही मूळचे कोकणी बोलणाऱ्या किनाऱ्याकडील. तिकडे यंत्राचा वैरी ओल. माळव्यात धूळ आणि वैशाखाचे ऊन! पंख्यावर धुळीचा थर बसला की दीर्घ कामात यंत्र तापते. ह्यांतील एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आम्ही प्रथम बाहेरच्या डिस्कची तार बदलली. फरक पडला नाही. विषाणुरोधकाची वेळ बदलली, तरीही नाही. मग प्रत उतरविताना कोणत्या फाइलीपाशी काम अडते ते टिपले. तिन्ही वेळा एकच कप्पा निघाला. आठवी-नववीच्या मुलांनी गावातील मराठी कुटुंबांकडून मिळविलेल्या मोडी पत्रांची छायाचित्रे त्यात होती. डिस्कच्या ‘स्मार्ट’ अहवालात वाचता न येणाऱ्या, निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांचा आकडा असतो. तो शून्य असावा लागतो. आमचा तसा नव्हता, आणि दोन दिवसांत तो वाढला.

तेव्हा तो कप्पा वगळून बाकी सारे आधी उतरविले आणि मग त्यातील एकेक छायाचित्र स्वतंत्रपणे काढले. दोन सोडून सर्व हाती आली. नवी डिस्क बसविल्यापासून शुक्रवारचे काम विनातक्रार होते. प्रतीची एक डिस्क कार्यालयात आणि दुसरी शाळेबाहेर असते. वाचता न आलेल्या दोन पत्रांपैकी एक त्या घरी अद्याप आहे, व त्याचे छायाचित्र मुलांनी पुन्हा घेतले. दुसऱ्या घरची कागदांची पेटी मधल्या काळात रद्दीत गेली होती.