शिकोकू : दानाच्या वाटेवरचे बेट

जपानच्या चार मुख्य बेटांतील सर्वांत लहान बेट म्हणजे शिकोकू. नावाचा अर्थ 'चार प्रांत'. तोकुशिमा, कोची, एहिमे आणि कागावा हे त्याचे आजचे चार प्रांत. मध्ये दाट डोंगर, उत्तरेस शांत सेतो समुद्र, दक्षिणेस पॅसिफिक महासागर. १९८८ साली सेतो महासेतू झाला आणि हे बेट रेल्वेने होन्शूशी जोडले गेले.

शिकोकूची खरी ओळख म्हणजे ८८ बौद्ध मंदिरांची पदयात्रा. सुमारे १,२०० किलोमीटरची ही वाट पायी पूर्ण करण्यास साधारण दीड महिना लागतो. चार प्रांतांतील टप्प्यांना बोधिचित्त, साधना, बोधी आणि निर्वाण या अर्थाची नावे आहेत. यात्रेकरूच्या काठीवर 'दोघे सोबत' अशा अर्थाचे शब्द असतात. दुसरा सोबती म्हणजे भिक्खू कूकाई.

कूकाई (इ. स. ७७४–८३५) याच बेटावर जन्मले. त्यांच्याविषयीच्या चमत्कारकथा बाजूला ठेवून इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांची दोन कार्ये पाहावीत. ८२१ मध्ये कागावातील मान्नो तलावाच्या दुरुस्तीचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. तो तलाव आजही शेतीला पाणी देतो. ८२८ मध्ये त्यांनी क्योतो येथे शाळा काढली. उच्च शिक्षण उमरावांच्या मुलांपुरते असलेल्या त्या काळात ही शाळा सामान्यांना खुली होती आणि तेथे शिक्षक व विद्यार्थी यांच्या भोजनाची सोय होती. निवासी शाळेत वाढलेल्यांना या सोयीचे मोल सांगावयास नको.

या वाटेवर आजही 'ओसेत्ताई' ही दानाची प्रथा जिवंत आहे. गावकरी वाटसरूला फळे, चहा, क्वचित रात्रीचा निवाराही देतात. ते नाकारू नये. आभार मानून आपल्या नावाची चिठ्ठी द्यावी. येथे देणारा मोठा आणि घेणारा लहान ठरत नाही.

मात्र इतिहासाची दुसरी बाजूही पाहावी. घराने व गावाने टाकलेले कुष्ठरोगी एके काळी याच वाटेवर चालत. १९०९ मध्ये ताकामात्सूजवळच्या ओशिमा बेटावर त्यांच्यासाठी संस्था उभी राहिली आणि त्यांना समाजापासून तोडण्यात आले. रोग औषधाने बरा होऊ लागल्यावरही त्यांना वेगळे ठेवणारा कायदा १९९६ पर्यंत टिकला. दानाने भूक भागते. परंतु माणूस म्हणून जगण्यासाठी न्याय्य कायदाच लागतो. बाबासाहेबांनी आपणांस हेच शिकविले.

प्रवासास वसंत आणि शरद हे ऋतू उत्तम. सर्व मंदिरे पाहणे शक्य नसल्यास तोकुशिमातील पहिल्या र्‍योझेन्जी मंदिरापासून दोन-तीन दिवस चालावे. आपल्यापैकी जे कोणी तेथे जातील, त्यांनी मान्नोचा तलाव पाहावा आणि ओशिमाकडे जाणारी बोटही चुकवू नये.